हाती आलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची ओळख : पहिला रोल भरण्याआधी आणि भरल्यानंतर

विदर्भातल्या खेड्यात फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा कॅमेरा) हाती येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. कुणाच्या घरच्या लोखंडी पेटीत आजोबांच्या वेळचा यशिका इलेक्ट्रो ३५ निघतो, कुणाला तालुक्याच्या गावी बंद झालेल्या फोटो स्टुडिओच्या सामानात कॅनोनेट मिळतो, तर कुणी सोव्हिएत बनावटीचा झॉर्की किंवा फेड ऑनलाइन मागवतो. कॅमेरा आला की लगेच रोल भरून वावराकडे निघावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण रोल महाग आहे, तो धुवायला बहुधा मोठ्या शहरी पाठवावा लागतो आणि चूक झाली की नाही हे कित्येक दिवसांनी कळते. म्हणून कॅमेऱ्याची ओळख रोल न भरताच करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की बसवा. एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशाच्या साहाय्याने थेट लेन्समधून पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारी लेन्स वेगळी असते. लेन्सवर झाकण असले, बोट आले, फोकस पार चुकला, तरी खिडकीतून सगळे स्वच्छच दिसते. या कॅमेऱ्यात नवख्या माणसाची जी फसगत होते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

१. आधी जमवायच्या वस्तू

- कॅमेऱ्याच्या नेमक्या मॉडेलची माहितीपुस्तिका. जुन्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर मिळतात. मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.
- विकत घेतला असल्यास पावती आणि विक्रेत्याने लिहून दिलेले वर्णन. परत करण्याची मुदत असेल तर खालच्या दुसऱ्या ते चौथ्या पायऱ्या त्या मुदतीतच उरका.
- टॉर्च, मीटरपट्टी, छोटे भिंग, ट्रेसिंग पेपरचा एक कागद, चिकटपट्टी.
- धूळ उडवायला रबरी फुगा, लेन्स पुसायचे मऊ कापड, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते).
- शटरच्या (उजेड आत सोडणाऱ्या पडद्याच्या) बटणात बसणारी केबल रिलीज, म्हणजे ते बटण दाबायची लवचीक तार.
- सरावासाठी एक वाया गेलेला रोल. स्टुडिओच्या सामानात ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल सापडला, तर त्यावर आता चित्र येईल अशी आशा धरू नका; भरण्याच्या सरावाला मात्र तो उत्तम.
- वही आणि पेन.

२. रोल न भरता तपासणी

प्रथम खालचे सेलचे झाकण उघडा. आत हिरवट-पांढरी पूड दिसली, तर जुना सेल गळलेला आहे. कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून ती पूड पुसा, मग अल्कोहोलने जागा कोरडी करा. झाकणाचे आटे घट्ट बसले असतील तर जोर लावू नका, कारण तिथला धातू पातळ असतो.

आता मागचे दार उघडा. दाराच्या कडेच्या खाचांत काळा फोम असतो. यशिका आणि कॅनोनेटसारख्या जपानी कॅमेऱ्यांतला हा फोम इतक्या वर्षांनी डांबरासारखा चिकट होतो किंवा त्याचा भुगा होतो, आणि मग तिथून उजेड आत शिरतो. तो अल्कोहोलने हळूहळू काढा आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा नीट बसवा. हे काम घरी सहज जमते, फक्त भुगा शटरकडे जाणार नाही याची काळजी घ्या.

लेन्सच्या आत टॉर्च मारून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते. कडेला थोडी असेल तर चित्रावर फारसा परिणाम होत नाही. मधोमध दाट असेल तर कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावा.

शटर तपासण्यासाठी दार उघडे ठेवून कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे नव्हे, आणि मागून मोबाइलने स्लो मोशनमध्ये चित्रित करा. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल, तर १/३० सेकंदाला शटर साधारण ८ फ्रेम उघडे दिसले पाहिजे आणि १/६० ला ४. त्याहून वेगवान गती या पद्धतीने नीट मोजता येत नाही. मंद गती अडखळत असेल तर आतले वंगण आटले आहे. पंचवीस-तीस वेळा रिकामे शटर मारल्यावर पुष्कळदा ते मोकळे होते. ही तपासणी यशिकावर करायची असेल तर आधी सेल घाला, कारण त्याची गती वीजच ठरवते.

इथे तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. शटरमध्ये शिलाई मशीनचे किंवा कसलेही तेल सोडू नका. ते पात्यांवर पसरते आणि शटर कायमचे चिकटते. सेल्फ-टायमरची दांडी ओढून पाहू नका. जुन्या शटरमध्ये ती मध्येच अडकली तर सगळा कॅमेरा अडून बसतो. आणि झॉर्की किंवा फेड असेल तर आधी चावी द्या (फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा फिरवून शटर ताणा), मगच शटरची गती बदला. उलट क्रमाने केल्यास आतली यंत्रणा बिघडू शकते.

३. सेलचा प्रश्न

या कॅमेऱ्यांसाठी बनलेले पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. कॅनोनेट क्यूएल१७ जीआयआयआयला १.३५ व्होल्टचा सेल लागत असे. त्याऐवजी नेहमीचा १.५ व्होल्टचा बटण सेल घातला तर कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर थोडे चुकीचे वाचन दाखवते. श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि जास्त जवळचा पडतो. नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांतल्या श्रवणयंत्रांच्या दुकानात तो मिळतो. स्टिकर काढल्यावर काही मिनिटे हवा लागू द्यावी आणि सेल सैल बसत असल्यास भोवती रबरी रिंग घालावी. हा सेल स्टिकर निघाल्यापासून झिजू लागतो, वापरा वा न वापरा. म्हणून एकदम दोन-तीन उघडू नका.

यशिका इलेक्ट्रो ३५ ला ५.६ व्होल्टचा मोठा सेल लागे. तिथे ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल घालून उरलेली जागा स्प्रिंगने किंवा घडी घातलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने भरली की काम होते. हा कॅमेरा सेल नसतानाही शटर मारतो, पण दरवेळी सुमारे १/५०० याच गतीने. त्यामुळे ‘चालू आहे’ अशी समजूत होते आणि ओसरीतले, घरातले सगळे फोटो काळे येतात. मागचे बटण दाबून सेलचा दिवा लागतो का, हे दर वेळी पाहा.

कॅनोनेट आणि झॉर्की यांची शटर पूर्ण यांत्रिक आहेत, ती सेलशिवाय सर्व गतींवर चालतात. खेड्यात राहणाऱ्याने मुद्दाम कॅमेरा निवडून घ्यायचा असेल, तर मी असाच घ्यायला सांगेन.

४. रेंजफाइंडर जुळलेला आहे का

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. खिडकीतून पाहिल्यावर मधोमध एक छोटा पिवळसर किंवा फिकट चौकोन दिसतो आणि त्यात दोन प्रतिमा असतात. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला काही सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन खिडक्यांतून त्या येतात आणि एका अर्धपारदर्शक आरशावर एकत्र होतात. लेन्सचे कडे फिरवले की दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की त्या वस्तूच्या अंतरावर लेन्सचा फोकस लागला, असे यंत्र सांगते. ते खरे सांगते का, हे आपण पडताळायचे.

*लांबचे अंतर.* कडे अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या आठावर, ठेवा आणि निदान एक किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर चौकोनात घ्या. आपल्याकडे सपाट शिवार असल्याने असा टॉवर गच्चीवरून सहज दिसतो. रात्री चंद्रही चालतो. टॉवर एकच दिसला पाहिजे. शेजारी शेजारी दोन दिसले तर आडवी जुळणी बिघडली आहे. एकावर एक, म्हणजे वर-खाली, दिसले तर उभी जुळणी हलली आहे. त्याने फोकस फारसा चुकत नाही, पण डोळ्यांना त्रास होतो.

*जवळचे अंतर.* दाराच्या चौकटीपासून दीड मीटरवर कॅमेरा ठेवा. अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचे नाही, तर फिल्म जिथे असते त्या मागच्या पातळीपासून मोजायचे. काही कॅमेऱ्यांच्या माथ्यावर त्यासाठी वर्तुळातून गेलेल्या रेघेची खूण असते. चौकटीची उभी कड चौकोनात एकजीव करा आणि लेन्सवरचा आकडा पाहा.

*लेन्सची स्वतःची साक्ष.* एवढ्यावर थांबू नका, कारण रेंजफाइंडर आणि आकडे जुळले तरी लेन्स वेगळेच काही करत असू शकते. कॅमेरा स्टुलावर पुस्तकांचा आधार देऊन स्थिर ठेवा. मागचे दार उघडा आणि फिल्म ज्या दोन आतल्या पट्ट्यांवर टेकते, त्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. कागदाला जराही पोक येता कामा नये. शटर ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर) ठेवा, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, पूर्ण उघडा आणि केबल रिलीजने शटर उघडे अडकवून ठेवा. आता डोक्यावरून कॅमेऱ्यावर काळे फडके घ्या. कागदावर समोरच्या अंगणाचे उलटे चित्र उमटलेले दिसेल: तुळशीवृंदावन खाली डोके वर पाय, आणि आकाश तळाशी. दीड मीटरवर एखाद्या वर्तमानपत्राचे ठळक मथळ्याचे पान टांगा, खिडकीतून रेंजफाइंडर जुळवा आणि मग कागदावरची अक्षरे भिंगाने पाहा. कडे किंचित पुढे-मागे केल्यावर अक्षरे अधिक रेखीव होत असतील, तर रेंजफाइंडर आणि लेन्स यांच्यात तफावत आहे. किती आणि कोणत्या बाजूला, ते वहीत लिहा.

जुळणीचे स्क्रू कुठे आहेत हे माहितीत असेल आणि हात स्थिर असेल, तर आडवी जुळणी घरी करता येते. पण चौकोन फिका आहे म्हणून आतला आरसा कापडाने पुसायला जाऊ नका. त्यावरचा मुलामा जुना आणि नाजूक असतो, एका फटक्यात निघून येतो, आणि मग दुसरी प्रतिमा कायमची नाहीशी होते. फिकेपणावर सोपा उपाय असा: पाहण्याच्या खिडकीच्या पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, काळ्या चिकटपट्टीचा अगदी बारीक ठिपका लावा. थेट दिसणारी प्रतिमा तेवढ्या जागी मंद होते आणि सरकणारी प्रतिमा उठून दिसते.

५. नजरेचा आणि हाताचा सराव

प्रतिमा आडवी सरकते, त्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. विजेचा खांब, दाराची कड, बंडीच्या चाकाचा आरा, माणसाच्या चेहऱ्यात नाकाची किंवा डोळ्याची कड, हे सोपे विषय. धुऱ्याची रेघ, दूरचे क्षितिज, नांगरटीचे आडवे तास यांवर काहीच जुळत नाही; तिथे कॅमेरा उभा धरून जुळवा आणि मग आडवा करा. उभ्या पऱ्हाटीत वेगळी अडचण येते: पाने सगळी सारखी, म्हणून कोणते पान कोणत्यावर बसले ते कळत नाही. अशा वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसावर फोकस लावावा.

खिडकी आणि लेन्स वेगळ्या असल्यामुळे जवळच्या चित्राची चौकट सरकते. कॅनोनेट आणि इलेक्ट्रो ३५ मध्ये आतली उजळ चौकट फोकसबरोबर आपोआप सरकून हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. झॉर्की-४ मध्ये तशी सोय नाही, म्हणून एक-दोन मीटरवरून चेहरा घेताना डोक्यावर जागा सोडा. या कॅमेऱ्यांत साधारण ०.८ ते १ मीटरपेक्षा जवळचा फोकस लागत नाही. बोंडाचा किंवा फुलाचा जवळून फोटो हे या कॅमेऱ्याचे काम नव्हे.

बाजारात किंवा तान्हा पोळ्याच्या गर्दीत दरवेळी चौकोन जुळवत बसायला वेळ नसतो. तिथे अंतर आधीच लावून ठेवा. ४५ मिलिमीटरच्या लेन्सवर अॅपर्चर एफ/११ आणि अंतर ३ मीटर ठेवले, तर सुमारे २ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळे पुरेसे रेखीव येते. मुले लाकडी बैल घेऊन समोर आली की फक्त बटण दाबायचे. मला विचाराल तर रेंजफाइंडरचे खरे सुख इथेच आहे, कारण चौकटीबाहेरचेही दिसत असल्यामुळे कोण आत येणार ते आधीच कळते.

लेन्सच्या झाकणाबद्दल: पात्यांचे शटर असलेल्या यशिका-कॅनोनेटवर यूव्ही फिल्टर लावून झाकण घरीच ठेवा. झॉर्की-फेडचे शटर कापडी असते आणि लेन्समधून एकवटलेल्या उन्हाने त्याला भोक पडू शकते, म्हणून त्यांना झाकण हवेच. मात्र कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी डाव्या हाताचे बोट लेन्सच्या कडेवरून फिरवण्याची सवय लावून घ्या.

६. रोल भरणे

आधी वाया गेलेल्या रोलवर हात बसवा. भरताना झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभे राहा. काहीच नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत भरा. जिनिंगच्या आवारात किंवा सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ दार उघडू नका, कारण आत गेलेला एक कण रोलभर ओरखडा ओढू शकतो.

फिल्मची जीभ उचलणाऱ्या रिळात अडकवल्यावर दोन्ही बाजूंच्या छिद्रांत दाते बसल्याची खात्री करा, दार लावा आणि मागे गुंडाळण्याची चकती हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. आता चावी देताना ती चकती उलटी फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे जात नाही. आकडा मात्र तरीही पुढे सरकत राहतो, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवू नका. शेवटी आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा), जुन्या कॅमेऱ्यांवर ‘एएसए’, रोलवरच्या आकड्याप्रमाणे लावा.

७. आपल्या भागातला उजेड

भर उन्हात साधा नियम चालतो: अॅपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या जवळच्या आकड्याइतके. म्हणजे १०० च्या रोलला १/१२५, २०० ला १/२५०, ४०० ला १/५००. यशिका आणि कॅनोनेट १/५०० च्या पुढे जात नाहीत. म्हणून मार्च ते जून ४०० चा रोल भरलात तर दुपारी एफ/१६ शिवाय गत्यंतर नसते. त्या काळात १०० किंवा २०० चा रोल घ्या. ४०० चा पावसाळ्यासाठी, घरातल्या फोटोंसाठी आणि झाडीपट्टीतल्या रात्रीच्या नाटकांसाठी राखा. लिंबाच्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४ पर्यंत उघडावे लागते. शंका आली तर मोबाइलवरचे लाइट मीटरचे अॅप पुरेसे आहे.

मीटर दोन ठिकाणी हमखास चकते, आणि दोन्ही आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. वेचणीनंतर घरात किंवा अंगणात लागलेला पांढराशुभ्र कापसाचा ढीग मीटरला फार उजळ वाटतो आणि ते उजेड कमी करते. कापूस मळकट येतो आणि शेजारी बसलेल्या कास्तकाराचा चेहरा काळा पडतो. इथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या. स्वयंचलित कॅमेऱ्यात त्यासाठी आयएसओची चकती ४०० वरून २०० वर आणायची आणि फोटो झाल्यावर आठवणीने परत फिरवायची. ओल्या काळ्या मातीच्या नांगरटीत उलट होते, मीटर गरजेपेक्षा जास्त उजेड देते. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड एक-दोन स्टॉप सहज सोसते, कमी उजेड मात्र सोसत नाही. म्हणून मातीची चिंता सोडा, कापसाची करा.

८. ऊन, धूळ, पाऊस

मोटरसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत रोल आणि कॅमेरा ठेवू नका. मे महिन्यात तिथली उष्णता रंगीत फिल्म बिघडवते आणि शटरचे वंगणही पातळ करते. न वापरलेले रोल डबीसकट फ्रिजमध्ये ठेवा आणि भरण्याच्या तास-दोन तास आधी बाहेर काढा. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा बरा.

९. पहिला रोल चाचणीचा

पहिल्या रोलवर लग्न किंवा सण घेऊ नका. प्रत्येक फोटोची वहीत नोंद करा: अंतर, अॅपर्चर, शटर, ऊन की सावली. सुरुवातीला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर १ मीटर, २ मीटर, ५ मीटर आणि अनंत असे फोटो घ्या. जमिनीवर तिरकी पसरलेली मीटरपट्टी हा यासाठी चांगला विषय आहे. कोणत्या आकड्यावर फोकस धरला ते लिहून ठेवले की फोकस पुढे गेला की मागे ते निगेटिव्हवर वाचता येते. मग हाच विषय वेगवेगळ्या शटर गतींवर, उजेड सारखा राहील अशा बेताने घ्या.

रोल संपला की चावी अडते. तिथे जोर लावू नका, फिल्म फाटते. तळाचे बटण दाबून, आणि झॉर्की-४ मध्ये शटरच्या बटणाभोवतीचे कडे फिरवून, फिल्म मागे गुंडाळा. चकती एकदम हलकी लागेपर्यंत दार उघडू नका. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून रंगीत की कृष्णधवल, स्कॅन कोणत्या आकाराचे, आणि निगेटिव्ह परत मिळतील का, हे विचारा. कित्येक ठिकाणी फक्त स्कॅन पाठवतात; निगेटिव्ह हवेच, असे चिठ्ठीत लिहून रोलसोबत घाला.

निगेटिव्ह आल्यावर वही समोर ठेवून पाहा. कडेचे छापील आकडे स्पष्ट आहेत पण चित्र एकही नाही, तर फिल्म पुढे सरकली नाही, शटर उघडले नाही किंवा झाकण राहिले. कडेचे आकडेही नाहीत, तर बहुधा धुलाईत चूक झाली. रंगीत फोटोंत दरवेळी एकाच बाजूला नारिंगी पट्टा येत असेल तर दाराची लोकर पुन्हा बसवा. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर चावीची यंत्रणा दुरुस्तीला आली आहे. सगळे जवळचे फोटो एकाच बाजूने फोकसबाहेर असतील, तर चौथ्या पायरीतली ट्रेसिंग पेपरची नोंद आणि ही निगेटिव्ह एकमेकांशी ताडून पाहा. दोन्ही सारखेच सांगत असतील तर कॅमेरा दुरुस्तीला देताना त्या नोंदींची प्रत सोबत द्या, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला नेमके कुठे हात घालायचा ते कळेल आणि खर्चाचा अंदाजही तो आधी सांगू शकेल.